सगळे धर्म सारखेच, असं म्हणायला कॅथलिक माणूस का कचरतो

गप्पांमध्ये धर्माचा विषय निघाला की थोड्या वेळाने कुणीतरी हमखास म्हणतं, "शेवटी काय, सगळे धर्म सारखेच ना", मग सगळे माना डोलावतात आणि विषय बदलतो. त्यात एखादा कॅथलिक बसलेला असेल आणि तो खरोखर श्रद्धाळू असेल, म्हणजे रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना न चुकवणारा, कन्फेशनला म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला जाणारा, अशातला, तर त्याची पंचाईत होते. हो म्हणावं तर दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते जाहीर करणारी प्रार्थना, म्हणताना आपण नक्की काय बोलतो ते आठवतं, नाही म्हणावं तर कट्टर असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. बहुतेक जण मग गुळमुळीत हसून वेळ मारून नेतात. माझं म्हणणं असं की वेळ मारून न्यायची काही गरज नाही, सरळ "नाही, मला तसं वाटत नाही" म्हणावं, कारण तसं म्हणूनही समोरच्याच्या धर्माचा पूर्ण आदर करता येतो, उलट तसाच जास्त चांगला करता येतो. आणि त्या आदराची परीक्षा सणाच्या शुभेच्छांमध्ये होत नाही हो, शुभेच्छा द्यायला काय लागतं, परीक्षा होते लग्नात, मुलांच्या बाप्तिस्म्यात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपल्याच घरातला माणूस आपला धर्म सोडून निघाला की तेव्हा.

चर्चची अधिकृत भूमिका काय असं विचारलं की लोक लगेच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचं, इतर धर्मांविषयीचं नोस्त्रा एताते काढतात. २८ ऑक्टोबर १९६५ ला पोप सहावे पॉल यांनी जाहीर केलेलं, फक्त पाच कलमांचं छोटंसं घोषणापत्र, बाजूने २२२१ मतं आणि विरोधात ८८. त्याच्या दुसऱ्या कलमात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि पुढे म्हटलंय की या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच कलमात, त्याच्या पाठोपाठ, असंही आहे की ख्रिस्त हा मार्ग, सत्य आणि जीवन आहे, आणि हे चर्च जाहीरपणे सांगतं आणि सतत सांगत राहणं तिला भागच आहे. म्हणजे गंमत बघा, एकच कलम, त्यातला पहिला अर्धा भाग "सगळे सारखे"वाले उचलतात आणि दुसरा अर्धा आमच्यातले कडवे उचलतात, आणि दोघेही परिषदेचं नाव घेऊन भांडतात. लिहिणाऱ्यांनी मात्र दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली, त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. अमुक गोष्ट खरी आहे असं मी ठामपणे मानतो आणि तिचे अंश तुझ्याकडेही आहेत असंही मानतो, यात अडचण कुठेय?

पण अडचण नाही असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण इतिहास आपल्या बाजूने नाही. परिषदेच्या शंभर वर्षं मागे जाऊन बघा. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या काळातल्या चुकीच्या मतांची एक यादीच काढली होती, सिलॅबस म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात प्रत्येक माणसाला आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारायची मोकळीक आहे हे मत चुकीचं म्हणून नोंदवलंय. तेव्हाचा युक्तिवाद साधा होता, की जे चूक आहे त्याला हक्क कसले. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. त्याचा प्रत्यक्षात काय अर्थ होतो ते बघायचं तर त्याच पायस यांच्या राज्यातलं (तेव्हा पोप इटलीच्या काही भागावर राज्यही करायचे) बोलोन्या शहर घ्या, जून १८५८. मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबाच्या दारात पोलीस आले आणि त्यांच्या सहा वर्षांच्या एदगार्दोला घेऊन गेले. कारण काय, तर तो तान्हा असताना आजारी पडला होता, मरतो की काय म्हणून घरातल्या कॅथलिक मोलकरणीने आई-वडिलांना न सांगता त्याला बाप्तिस्मा दिला होता, आणि पोपच्या राज्यातला कायदा असा की बाप्तिस्मा झालेलं मूल ख्रिस्ती नसलेल्या घरात वाढू शकत नाही. आई-वडिलांनी विनवण्या केल्या, युरोप-अमेरिकेतून निषेध आले, पोप बधले नाहीत. मुलगा रोमला वाढला, पुढे धर्मगुरू झाला, १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला.

या प्रकरणाचा विचार केला की मला एक गोष्ट जाणवते, त्यात कुणाचीही श्रद्धा कमी पडलेली नव्हती. मोलकरीण श्रद्धाळू, कायदा करणारे श्रद्धाळू, पोप तर श्रद्धाळूच, आणि तो मुलगाही मोठेपणी मनापासून कॅथलिक राहिला. कमी पडली ती एवढीच जाणीव की समोरच्या आई-बापांनाही सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती त्यांना देवानेच दिलीय. आजही काही जण या प्रकरणाचं समर्थन करतात, आत्मा वाचला ना मग झालं, अशा थाटात. मला ते ऐकवत नाही.

बदल झाला तो ७ डिसेंबर १९६५ ला, धर्मस्वातंत्र्यावरच्या दिग्नितातिस हुमाने या घोषणापत्राने, २३०८ विरुद्ध ७० मतांनी. मला तर ते नोस्त्रा एतातेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, फक्त त्याची चर्चा कमी होते. त्यात म्हटलंय की धर्माच्या बाबतीत माणसावर जबरदस्ती होता कामा नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, त्या माणसाचं मत बरोबर आहे की चूक यावरून ठरत नाही. म्हणजे "चुकीला हक्क नसतात" या जुन्या युक्तिवादाला उत्तर असं की बाबा रे, हक्क चुकीला किंवा बरोबरला नसतातच, हक्क माणसाला असतात. हे घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते जेझुइट संघाचे अमेरिकन धर्मगुरू जॉन कोर्टनी मरी, त्यांना याच विषयावर लिहायला पन्नाशीच्या दशकात वरून बंदी घातली गेली होती, आणि नंतर तेच परिषदेला तज्ज्ञ म्हणून हजर राहिले आणि मसुद्यावर बसले. चर्च बदलत नाही म्हणणाऱ्यांनी आणि चर्च कधीच सुधारणार नाही म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही मरी यांची गोष्ट एकदा वाचावी.

तरी सगळं मिटलंय असंही नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ८६८ क्रमांकाच्या नियमात अजूनही आहे की मूल मरणाच्या दारात असेल तर त्याला आई-वडिलांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देणं वैध ठरतं, आणि ते आई-वडील कॅथलिक नसले तरीही. मला माहितीये यामागचा विचार काय, मुलाच्या तारणाची काळजी आहे. पण बाप्तिस्मा न होता वारलेल्या तान्ह्या मुलांच्या बाबतीत त्यांना देवाच्या दयेवर सोपवा असंच चर्च आता शिकवतं, मग दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या आई-बापाच्या नकारावर मात करून बाप्तिस्मा देण्याची ही वाट उघडी ठेवायची गरज काय? माझं मत, ते वाक्य काढून टाकावं.

आता आमच्या घरातल्या कडव्या मंडळींविषयी. चर्चबाहेर तारण नाही हे जुनं वाक्य ते हातात काठी धरावी तसं धरून फिरतात. बोस्टनचे फादर लिओनार्ड फीनी हेच शिकवत होते, कॅथलिक नसलेला कुणीही वाचणार नाही, अगदी शब्दशः. तेव्हा पोप होते बारावे पायस, म्हणजे परिषदेच्या खूप आधीची गोष्ट, त्यांना कुणी लिबरल म्हणणार नाही. रोमने १९४९ मध्ये लेखी कळवलं की या वाक्याचा असा अर्थ चर्च लावत नाही, ज्याला स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त माहीत नाही पण जो देवाच्या इच्छेप्रमाणे जगायला बघतो त्याला दार बंद नाही. फीनी ऐकेनात, शेवटी १९५३ मध्ये त्यांनाच चर्चमधून बहिष्कृत केलं, कारण होतं आज्ञाभंग. चर्चबाहेर कुणी वाचत नाही असं सांगता सांगता माणूस स्वतःच चर्चबाहेर जाऊन बसला (पुढे मरणापूर्वी समेट झाला, ते एक बरं).

मग २००० साली दोमिनुस येसुस हे पत्रक आलं, कार्डिनल रात्झिंगर (पुढे तेच पोप सोळावे बेनेडिक्ट झाले) यांच्या सहीचं, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला, कारण त्यात सरळ म्हटलंय की येशू हाच एकमेव तारणारा आहे आणि बाकी धर्मांचे अनुयायी चर्चमधल्या लोकांच्या तुलनेत गंभीर उणिवेच्या स्थितीत आहेत. भाषा बोचरी आहे, मान्य, हेच जरा वेगळ्या शब्दात सांगता आलं असतं. पण त्याच परिच्छेदात पुढे जे आहे ते टीकाकारही सांगत नाहीत आणि समर्थकही सांगत नाहीत. तिथे म्हटलंय की चर्चच्या लेकरांनी लक्षात ठेवावं, त्यांची ही उंच जागा त्यांच्या स्वतःच्या लायकीमुळे मिळालेली नाही, ती ख्रिस्ताची कृपा आहे, आणि त्या कृपेला विचार, शब्द आणि कृतीने साथ दिली नाही तर त्यांचं तारण होणं सोडाच, त्यांचा न्याय जास्त कडक होईल. म्हणजे "आमच्याकडे सत्य आहे" असं ज्याला म्हणायचंय त्याने हेही म्हणायला हवं की "म्हणून हिशोब पण माझाच आधी होणार". हे म्हणणारा कडवा कॅथलिक मला तरी अजून भेटायचाय.

दुसऱ्या बाजूला "सगळे धर्म सारखेच" हे वाक्य. ते चांगल्या मनाने म्हटलं जातं, भांडण नको म्हणून म्हटलं जातं, हे मला कळतं. पण जरा विचार करा, त्यात आदर किती आहे? बौद्ध माणूस जग निर्माण करणाऱ्या देवाशिवाय दुःखाच्या मुळाशी जायचा मार्ग सांगतो, मुसलमान म्हणतो देव एकच आणि त्याला पुत्र नाही, मी म्हणतो देवाचा पुत्र माणूस झाला, क्रुसावर मेला आणि उठला. हे तिघंही एकच बोलतायत असं म्हणणारा तिघांपैकी कुणाचंच नीट ऐकत नाहीये. त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलंय की या लोकांना ज्या गोष्टी जीव की प्राण वाटतात त्या मुळात किरकोळ आहेत, खरं काय ते मला वरून दिसतंय. यापेक्षा "तुझं आणि माझं इथे जमत नाही, पण तू असं का मानतोस ते मला सांग" हे कितीतरी जास्त मान देणारं आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस सिंगापूरला वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांशी बोलताना म्हणाले की सगळे धर्म देवाकडे जायचे मार्ग आहेत, वेगवेगळ्या भाषांसारखे. त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली, पोप पाखंडी झाले इथपर्यंत. मला वाटतं समोर कोण बसलं होतं आणि काय चाललं होतं ते बघावं, माझा धर्म तुझ्यापेक्षा मोठा असं भांडत बसलात तर कुठे पोहोचाल असं ते पोरांना सांगत होते, लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून. त्या जागी ते ठीक. पण शिकवण म्हणून तेवढंच वाक्य पुरेसं नाही, असं मी पोपविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणेन, आणि कॅथलिक माणसाला पोपच्या उत्स्फूर्त बोलण्यातल्या एखाद्या वाक्याशी असहमत होता येतं, त्यासाठी चर्च सोडावं लागत नाही.

खरं तर हा सगळा विषय आमच्या मिस्सामध्येच आहे, रोज. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायच्या अगदी आधी सगळी सभा म्हणते, प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, पण तू फक्त शब्द बोल. हे शब्द कुणाचे? एका रोमन शताधिपतीचे. मत्तयच्या आठव्या अध्यायात तो आपल्या चाकरासाठी येशूकडे येतो. तो ज्यू नाही, परक्या सैन्याचा अधिकारी आहे, म्हणजे तिथल्या लोकांच्या दृष्टीने शत्रूच, आणि येशू म्हणतो, एवढा विश्वास मला इस्राएलात कुणाकडे आढळला नाही. तर आमच्या सगळ्यात पवित्र क्षणाला, जो फक्त आमचा आहे, जिथे आम्ही दुसऱ्या धर्माच्या माणसाला कम्युनियन देत नाही, त्या क्षणाला तोंडात शब्द येतात ते बाहेरच्या माणसाचे. मला यापेक्षा चांगली व्याख्या सापडत नाही. वेदी आमची आहे, ती आम्ही पातळ करत नाही, आणि त्या वेदीपुढे उभं कसं राहायचं हे आम्ही एका परधर्मीयाकडून शिकलोय. वेदीपुढे हे वाक्य म्हणून बाहेर पडल्यावर कुणी "ते लोक" असं नाक मुरडून बोलत असेल तर त्याने मिस्सा नीट ऐकलेली नाही.

इटलीतल्या असिसीचंही तसंच. २७ ऑक्टोबर १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिथे जगभरच्या धर्मप्रमुखांना शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलावलं, दलाई लामा होते, कँटरबरीचे आर्चबिशप होते. परिषदेच्या सुधारणांना विरोध करणारे आर्चबिशप लफेव्र वगैरे मंडळी खवळली, सगळ्या धर्मांची खिचडी केली म्हणून. प्रत्यक्षात आखणीच अशी होती की सगळ्यांनी एकत्र यायचं पण प्रत्येकाने आपापली प्रार्थना करायची, सगळ्यांची मिळून एक प्रार्थना कुणी रचली नव्हती. या फरकावर लोक हसतात, हा काय तांत्रिक मुद्दा म्हणून. माझ्या मते सगळं त्यातच आहे.

आणि हे फक्त मोठ्या सभांमध्ये जमतं असं नाही. अल्जेरियात तिभिरीन नावाच्या गावात ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ होता, आजूबाजूला सगळी मुसलमान वस्ती. संन्यासी आपल्या ठरलेल्या प्रार्थना, आपली मिस्सा, यात काडीचा बदल करत नव्हते. ब्रदर लूक डॉक्टर होते, १९४६ पासून तिथे, जो येईल त्याला तपासायचे. गावकऱ्यांना नमाजासाठी त्यांनी मठाच्या आवारातली एक खोली दिलेली. मठप्रमुख क्रिस्तियाँ द शेर्जे कुराणाचा अभ्यास करायचे, त्यामागेही गोष्ट आहे, तरुणपणी फ्रेंच सैन्यात असताना मोहम्मद नावाच्या एका अल्जेरियन मित्राने त्यांचा जीव वाचवला आणि नंतर तो मित्र स्वतः मारला गेला. १९९६ च्या मार्चमध्ये सात संन्याशांचं अपहरण झालं आणि मे महिन्यात त्यांना मारल्याची बातमी आली. शेर्जे यांनी आधीच एक पत्र लिहून ठेवलं होतं, त्यात त्यांना मरणापेक्षा जास्त काळजी याची होती की आपल्या मरणाचा वापर करून लोक अल्जेरियन माणसांना आणि इस्लामला झोडपतील. २०१८ मध्ये चर्चने त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी गाठलेले, म्हणून घोषित केलं. हे लोक "सगळे सारखे"वाले नव्हते हो, त्यांनी आयुष्यभर दिवसातून सात वेळा ख्रिस्ताची स्तोत्रं गायली.

यावर एक आक्षेप येतोच, की मग सुवार्ता सांगायची की नाही? सांगायचीच. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. कुणी विचारलं तर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आधी कुणाला विचारावंसं वाटेल असं जगावं लागतं, आणि तिथेच आपली बोंब असते. पोप सोळावे बेनेडिक्ट २००७ मध्ये म्हणाले होते की चर्च माणसं ओढून आणत नाही, ती आकर्षणाने वाढते. दिग्नितातिस हुमानेमध्ये तर स्पष्ट बजावलंय की धर्म सांगताना जबरदस्तीचा वास येईल किंवा मन वळवायची अप्रामाणिक रीत वाटेल असं काही करू नका, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत. औषध, शाळा, धान्य यांना गळाला लावलेलं आमिष करणारा माणूस हा चर्चच्याच शिकवणीविरुद्ध वागतो, हे आमच्यातल्या लोकांनी बाहेरच्यांच्या आधी आणि मोठ्याने म्हणायला पाहिजे.

आता लग्न. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते, आणि कॅथलिक बाजूला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देऊन वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. जुन्या १९१७ च्या कायद्यात दोघांकडूनही हमी घ्यायचे, म्हणजे जो कॅथलिकच नाही त्याच्याकडूनही. १९७० पासून वचन फक्त कॅथलिक बाजूचं, दुसऱ्याला फक्त त्याची नीट कल्पना द्यायची. हा बदल मला अगदी योग्य वाटतो, माझ्या श्रद्धेचं ओझं माझ्याच खांद्यावर. पण ही कल्पना देणं प्रत्यक्षात कसं होतं ते बघा, सगळं ठरल्यावर, हॉल बुक झाल्यावर, कधी कधी तर कागदावर सही करायच्या वेळी, आणि समोरचा गोंधळून बघत राहतो की हे काय नवीन. यात कॅथलिक मुलगा किंवा मुलगी दोषी, आणि घाईत उरकणारे फादरही. ज्याच्याशी आयुष्य काढायचं त्याला आपण काय वचन देणार आहोत हे प्रेमात पडल्यावर लगेच सांगायला हवं, आणि त्यालाही त्याच्या मुलांविषयी असंच काही वाटत असेल हे गृहीत धरून त्याचं ऐकून घ्यायला हवं. "माझ्याकडून होईल ते सगळं" याचा अर्थ भांडून, धमकावून, लपूनछपून असा नाही. जोडीदाराला अंधारात ठेवून मुलाला गुपचूप बाप्तिस्मा देणारे लोक असतात, आणि त्यांना वाटतं आपण वचन पाळलं. मला त्यात बोलोन्याच दिसतं, मोर्तारांच्या घरातलं.

आणि शेवटी ते, जे आपण बोलत नाही. दुसऱ्या धर्मातून कुणी आपल्याकडे आलं की आपण त्याला धर्मस्वातंत्र्य म्हणतो, टाळ्या वाजवतो. आपल्यातला कुणी तिकडे गेला की ती फूस असते, संगत वाईट असते, प्रेमात आंधळा झालेला असतो. इथे आपला आदर उघडा पडतो. २००८ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मूळ इजिप्तचे इटालियन पत्रकार माग्दी अल्लाम यांना स्वतः बाप्तिस्मा दिला, जगभर बातमी झाली, बऱ्याच जणांना विजय मिळाल्यासारखं वाटलं. २०१३ मध्ये अल्लाम यांनी चर्च सोडल्याचं जाहीर केलं, तक्रार ही की चर्च इस्लामशी फार मवाळ वागतं. टाळ्या वाजवणारे तेव्हा गप्प. माझ्या मते त्यांचं येणंही त्यांचा हक्क होता आणि जाणंही, फक्त विजय कधीच नव्हता, तो आपण आपला मानून घेतला.

घरातला मुलगा किंवा मुलगी चर्च सोडून दुसऱ्या धर्मात गेली, किंवा कुठल्याच नाही, तर आई-वडिलांना दुःख होणार, आणि ते व्हावंही, ज्याला ते होत नाही त्याचा विश्वास मला जरा संशयास्पद वाटतो. त्यांनी प्रार्थना करावी, मनातलं एकदा नीट बोलून दाखवावं. पण बोलणं बंद करणं, वारशाची भाषा काढणं, आईच्या तब्येतीची शपथ घालणं, हे सगळं जबरदस्तीच आहे, फक्त पोलीस दारात आलेले नसतात. आई-वडील मला म्हणतात, अहो पण बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही देवासमोर जबाबदारी घेतली होती ना. घेतली होती, पण कशाची ते आठवा, मुलाला विश्वासात वाढवण्याची. ते केलंत. मोठा झाल्यावर तो काय ठरवेल याची हमी तुमच्याकडून कुणी घेतली नव्हती, आणि तुम्हाला ती देताही आली नसती, कारण ते ठरवायचं स्वातंत्र्य त्याला तुम्ही दिलेलंच नाही, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याने दिलंय. तेव्हा पुढच्या रविवारी तो मिस्साला येणार नसेल तर तुम्ही जा, आणि घरी आल्यावर तो जिथे प्रार्थनेला जाऊ लागलाय तिथे काय असतं हे त्याला विचारा, आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.